पेन्सिलीच्या वर्तुळातला डाग

२ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार-चमत्कार सोडून देते. फोन तू उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या जुन्या दवाखान्यातून मिळवला. कानाची यंत्रं बसवणारी तुझी ती मैत्रीण आधी ताकास तूर लागू देत नव्हती. मग म्हटलं, बाईंचं सामान माझ्या गच्चीवर पडलंय, ते कुठे पाठवू ते तरी सांगा. तेव्हा कुठे तिने कागद पुढे केला.

आणि सामान खरंच पडलंय. घरमालक गच्चीची गळती काढणार आहेत, त्यांना मोकळी गच्ची हवी. माझी दुर्बीण मी काय, उचलून आत आणीन. पण तुझ्या अँटेनाचा खांब कठड्याला बोल्ट मारून बसवलाय, आणि तो बसवताना तू कुणाला हात लावू दिला नव्हतास. तेव्हा तो काढायचा की ठेवायचा, काढला तर तुला पाठवायचा की भंगारात द्यायचा, एवढं एका ओळीत कळव. दादाला विचारून झालं. तो म्हणाला, "तिला काय हवं ते बघ." लग्न झाल्यापासून तू हेच ऐकत आलीस. आता माझी पाळी.

कागदोपत्री तो अजून तुझा नवरा आहे म्हणून कळवते, बरा आहे. रोज ठोकलेल्या गाड्या बघायला जातो, विमा कंपनीला अहवाल लिहितो आणि घरी येऊन मूग गिळून बसतो.

तुझा रेडिओ मी बंद केलेला नाही. तू लावून ठेवलास त्याच स्टेशनवर आहे, क्षितिजापलीकडच्या, इथे एरवी ऐकूच न येणाऱ्या. सकाळी मी सूर्याला दुर्बीण लावते तेव्हा तो कोपऱ्यात खरखरत असतो आणि मध्येच टिंग करतो. तू असतीस तर मान वर न करता म्हणाली असतीस, "गेली एक." वर उल्का जळते, तिच्या तापलेल्या रेषेवर आपटून त्या लांबच्या स्टेशनचा आवाज क्षणभर आपल्यापर्यंत येतो, भर उन्हातसुद्धा. हे तू मला इतक्या वेळा समजावलंस की आता मी ते एक्स-रेच्या टेबलावर पडलेल्या लोकांना सांगते. ऐकता ऐकता हलायचं विसरतात बिचारे.

आता खरी बातमी. सूर्याच्या अगदी मधोमध मोठा डाग आलाय. करडा, कडा पुसट, एवढा मोठा मी कधीच बघितला नव्हता. फोटो सोबत ठेवलाय, हॉस्पिटलच्या चांगल्या प्रिंटरवर काढलेला. डागाभोवती पेन्सिलीने वर्तुळ केलंय, म्हणजे शोधत बसायला नको. आपल्या सूर्यवाल्या गटालाही पाठवलाय. गटप्रमुख मास्तर माझ्या फोटोंना नेहमी "ठीक" म्हणतात. बघू आता काय म्हणतात ते.

आणखी एक. तू गेलीस त्या सकाळीही मी वरच होते. खाली आले तर कपाट उघडं आणि तुझी पिशवी नाही. दादाला माहीत होतं, खालच्या दुकानदाराला माहीत होतं, रिक्षावाल्याला तर असणारच. मला माहीत नव्हतं. याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसले होते, पण लिहून झालंय आणि कागद बदलायचा कंटाळा आलाय.

घाईबाई
(नाव तूच ठेवलंस)

९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, त्यामुळे मला काही वाटलं नाही. रोज खाली पेटी उघडून बघते ती विजेच्या बिलासाठी.

गटाने माझी शोभा केली. मास्तरांनी लिहिलं, "कोणता डाग?" दुसऱ्या एकाने स्वतःचा त्याच सकाळचा फोटो टाकला. सूर्य धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ, फक्त उजव्या कडेला दोन बारीक ठिपके. ते माझ्याही फोटोत आहेत. मधला मोठा डाग त्यांना दिसतच नाही म्हणे. मी लिहिलं, चष्मे पुसा. त्यावर मास्तरांनी हसरा चेहरा पाठवला. मला आयुष्यात कशाचाच एवढा राग आला नव्हता.

मग मी ठरवलं की कॅमेऱ्यात धूळ आहे. आतल्या काचेवर कण बसला तर सूर्यावर डाग पडल्यासारखा दिसतो, हे मला कळतं. कॅमेरा उघडला, फुंकणीने साफ केला, पुन्हा लावला. डाग जिथल्या तिथे. पुन्हा उघडला. चिमटीत धरायच्या त्या मऊ कापडाने पुसला. तरी आहेच. तिसऱ्यांदा उघडायला गेले आणि स्क्रू कठड्यावरून खाली पडला. शेजारच्यांच्या कुंडीत सापडला, त्यातच सकाळ गेली आणि कामावर उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी तू शिकवलेली परीक्षा केली. कॅमेरा जागच्या जागी फिरवायचा. डाग सूर्यावरचा असेल तर तो सूर्याबरोबर फिरतो. धूळ असेल तर सूर्य फिरतो आणि डाग पडद्यावर जागच्या जागी राहतो. बरोबर ना? तर हा दोन्ही करत नाही. मी डावीकडच्या कडेला बघितलं तर तिकडे गेला. ठिपक्यांकडे बघितलं तर ठिपक्यांवर जाऊन बसला, ठिपकेच गायब. लॅपटॉपच्या पडद्यावर डाग पडला असेल म्हणून तोही पुसला. उन्हासाठी मी लॅपटॉपवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालते आणि भोकाला उजवा डोळा लावते. शेवटी ते खोकंही नवीन केलं. आता सांग, सूर्य नाही, कॅमेरा नाही, पडदा नाही, खोकं नाही, मग आणखी काय उरतं?

झोप येत नाही. कामावर माझ्याकडून फोटो पुन्हा पुन्हा काढले जातात असं आमचे वरिष्ठ म्हणाले. मशीन जुनं झालंय असं मी सांगितलं. तेही खरंच आहे.

खांबाचं काय ते कळव. गळतीवाले कधीही येतील.

घाईबाई

१७ फेब्रुवारी

वहिनी,

इतक्या महिन्यांनी तुझं पत्र आलं आणि त्यात एक ओळ. "आधी डावा डोळा झाकून बघ, मग उजवा." ना कशी आहेस, ना खांब. सोबत माझाच फोटो परत, आणि पेन्सिलीच्या वर्तुळाशेजारी तुझ्या अक्षरात "इथे काही नाही."

मी ते पत्र फ्रीजवर ठेवलं आणि दोन दिवस तिकडे कानाडोळा केला. मला काय करायचं ते कुणी सांगितलेलं चालत नाही, तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून केलं. डावा झाकला. समोरच्या घड्याळाचे काटे गेले. घड्याळ आहे, आकडे आहेत, मधोमध करडा रुपया ठेवल्यासारखं. उजवा झाकला, काटे परत आले. डावा पुन्हा झाकला आणि खिडकीकडे बघितलं, तर गजांना पोक आलेलं. मी तिथेच खाली बसले. दूध उतू गेलं.

म्हणजे डाग माझ्या डोळ्यात आहे. सगळ्या गटाला मी माझ्या डोळ्यातला डाग सूर्यावर म्हणून दाखवत होते. तुला हसू आलं तर हस. मला येत नाहीये.

आता मशीनबद्दल खरं सांगते. मागच्या आठवड्यात एक बसचालक आला होता, नोकरीसाठी छातीचा फोटो हवा होता त्याला. मी फोटो काढला आणि खोक्याच्या सवयीने डावा डोळा मिटून पडद्याजवळ गेले. फुप्फुसावर करडा डाग. त्याला पुन्हा उभं केलं. पुन्हा डाग. तिसऱ्यांदा उभं केलं तेव्हा त्याच्या पाठीला घाम फुटला होता. म्हणाला, "बाई, काही असेल तर आत्ताच सांगा, घरी दोन मुली आहेत." मी म्हटलं, काही नाही हो, मशीन नखरे करतंय. डॉक्टरांनी फोटो बघितला, स्वच्छ होता. फोटो वाचायचं काम त्यांचं, पण तो नीट आलाय की नाही हे मीच ठरवते. त्या माणसाचं तोंड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

सारखी एकच गोष्ट आठवायचा प्रयत्न करते. दुर्बिणीच्या तोंडावर मी फिल्टर लावते, ते कधी चुकत नाही, तुझी शपथ. पण तिच्या पाठीवर जी छोटी दुर्बीण असते, नेम धरायची, तिच्यावर टोपी होती का? रोज? तू गेल्यानंतरच्या त्या दिवसांत मी वर जाऊन नुसती बसत होते. काय केलं, काय नाही, नीट आठवतच नाही. सहज म्हणून एकदा तिला डोळा लावला असेन का? दिवसभर हाच भुंगा. जेवताना, कपडे घडी करताना, पेशंटला "श्वास रोखा" म्हणताना. परवा एका बाईला "सोडा" म्हणायचंच विसरले.

डॉक्टरकडे जाणार नाही. का ते विचारू नकोस. आणि दादाला सांगू नकोस. तू त्याला काहीच सांगत नाहीस हे लक्षात आहे, तरी सांगू नकोस.

घाईबाई

२६ फेब्रुवारी

वहिनी,

तुला कुणी सांगितलं होतं? तिथे बसून इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीस, माझ्या नावाने, माझा फोन नंबर देऊन, आणि मला नुसतं कळवलंस. त्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पेशंटचा गुडघा सरळ करत होते. "तुमच्या वहिनींनी वेळ घेतली होती, तुम्ही आला नाहीत." मी म्हटलं, मला वहिनी नाही. मग वाईट वाटलं म्हणून हे लिहिते.

गेले नाही, कारण ते सांगतील की सूर्याने जाळलं. मग सकाळी वर जाऊन मी काय करू? तू मोठ्या बाता मारायचीस की ऐकायला डोळे लागत नाहीत. मला तुझ्यासारखं बसून ऐकता येत नाही. खरखर ऐकत मान खाली घालून तासभर बसायचं आणि एका टिंगवर खूश व्हायचं, याला वेगळा स्वभाव लागतो. मला काहीतरी फिरवायला लागतं, घट्ट करायला लागतं. या घरात ठरल्या वेळी होणारी एकच गोष्ट उरली आहे, ती म्हणजे मी जिना चढते. तेवढीही काढून घेतली तर मी भिंतींवर चढेन. आणि नोकरी? एका डोळ्याने फोटो काढणारी बाई कोण ठेवेल?

काल चहा कपात ओतला तो बशीच्या पलीकडे गेला. दादाने उठून फडकं आणून दिलं. फडकं पिळून पुन्हा जागेवर ठेवलं आणि पेपर उघडला. कधी कधी वाटतं याला गदागदा हलवावं. तू हलवून बघितलं असशीलच.

पण एक सांगायचं आहे. गळतीवाले आले. मी कामावर होते, सगळं खालच्या दुकानदाराने सांगितलं. मुकादमाने खांबाला पाना लावला, तेवढ्यात दादा वर गेला. त्याचा तो अहवालाचा फॉर्म हातात, चष्मा कपाळावर. म्हणाला, "खांब राहील." मुकादम म्हणाला, मालकांनी सांगितलंय. दादा म्हणाला, "मालकांशी मी बोललो. तुम्ही भोवतीने करा." आणि ते करेपर्यंत तिथेच उन्हात उभा राहिला. दुकानदाराला एवढं आश्चर्य वाटलं की त्याने मला दोनदा सांगितलं. मी घरी येऊन विचारलं तर म्हणतो, "काम चांगलं केलंय त्यांनी."

म्हणजे खांबाचा प्रश्न मिटला. आता तुला लिहायला मला काही कारण उरलं नाही, असं आत्ता लक्षात आलं.

तरी विचारते. तुला यायचंच नव्हतं तर वेळ कशाला घेतलीस? माझा डोळा राहिला काय नि गेला काय, तुझं काय जातं? खरंच विचारते. आणि लगेच लिही. तू आठ-आठ दिवस लावतेस, इथे माझा जीव टांगणीला लागतो, आणि हे मी दादाला सांगू शकत नाही कारण तो फडकं आणून देईल.

घाईबाई

८ मार्च

वहिनी,

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगतेय आणि दादा लिहितोय. डोळ्यांत थेंब घातलेत, बाहुल्या बशीएवढ्या झाल्यात, जवळचं काही दिसत नाही. उद्या सकाळपर्यंत थांब असं दादा म्हणाला. मी थांबत नसते. गाड्यांचे अहवाल लिहून लिहून त्याचं अक्षर छान आहे, वाचायला तुला सोपं जाईल. मी बोलते तसंच्या तसं लिहायचं, एक शब्द गाळायचा नाही, या अटीवर बसलाय. पलंगावर पाय वर घेऊन बस असं मला सांगितलंय, मी येरझाऱ्या घालतेय. तेही लिही.

का गेले ते आधी सांगते. परवा एक बाई मनगट दुखतंय म्हणून आली. मी फोटो काढला, बघितला, काही नाही म्हणून पुढे पाठवला. थोड्या वेळाने डॉक्टर स्वतः माझ्याकडे आले. रागावले नाहीत. पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, ही चीर तुम्हाला दिसली नाही? केसासारखी चीर होती, हाडाच्या बरोबर मध्ये. डाव्या डोळ्याने बघितलं तर दिसली. बसचालकाच्या फोटोत मी नसलेला डाग बघितला तेव्हा वाईट वाटलं होतं. हे वेगळं होतं, वहिनी. असलेलं दिसलं नाही. मी घरी आले आणि उंबऱ्यातच दादाला सगळं सांगून टाकलं, सूर्य, खोकं, टोपी, सगळं. त्याने ऐकून घेतलं आणि बूट घातले. मी म्हटलं, आत्ता दवाखाना बंद असेल. मग त्याने बूट काढले आणि काल सकाळी फोन लावून आजची वेळ घेतली. तो म्हणतोय हे कशाला लिहायचं. लिही.

आज सकाळी आम्ही निघालो आणि पेटीत तुझं पाकीट. जाडजूड. माझ्या शेवटच्या पत्राचं उत्तर. मी ते पर्समध्ये टाकलं, रिक्षात वाचेन म्हणून. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती म्हणून म्हटलं तिथे बसल्यावर वाचू. तिथे बसल्या बसल्या नर्सने थेंब घातले. मग पाकीट उघडलं तर सगळी शाई पाण्यात पडल्यासारखी. डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, काही उपयोग नाही. आत बोलवायला तासभर तरी लागणार होता, आणि माझ्या हातात तुझं सहा पानी पत्र होतं, वहिनी. तू मला ओळखतेस. मी दादाला म्हटलं, वाच.

तो म्हणाला, "माझ्यासाठी नाहीये ते." मी म्हटलं, मला माहीत आहे, वाच. तो म्हणाला, "घरी जाऊन..." मी म्हटलं, दादा, तू वाचतोस की मी त्या समोरच्या अनोळखी बाईंना देऊ? तेव्हा त्याने चष्मा काढला, पुसला, लावला आणि वाचायला लागला. कसं वाचतो ते तुला ठाऊक आहे. "पुढचा बंपर, उजवी बाजू, नुकसान मध्यम" वाचावं तसं. माझ्या हट्टाबद्दल जे काही लिहिलंस ते सगळं त्या आवाजात ऐकलं. तुझ्या नव्या खोलीबद्दल, तिथे गच्ची नाही त्याबद्दल. तू बसवलेलं कानाचं यंत्र पहिल्यांदा लावल्यावर स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून घाबरलेल्या त्या आजोबांबद्दल. समोरच्या बाईसुद्धा ऐकायला लागल्या होत्या.

मग ते आलं. मी पाठ केलंय. "तुला न सांगता गेले कारण तू थांब म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. त्या घरात ते म्हणणारी तू एकटीच होतीस. मला ते दुसऱ्या कुणाकडून ऐकायचं होतं, आणि ते मिळणार नाही हे कळल्यावर तुझ्याकडून घेऊन मी काय केलं असतं?"

दादाने हे पूर्ण वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाक्य संपल्यावर पान उलटलं, पुढचं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर कागद खाली ठेवला. म्हणाला, पाणी पिऊन येतो. पाणी तिथेच कोपऱ्यात होतं, तो बाहेर गेला. मला काही दिसत नव्हतं, त्याचा शर्ट दारातून जाताना तेवढा कळला. बऱ्याच वेळाने आला आणि उरलेली दोन पानं वाचली. रिक्षात बसल्यावर मी रडले, आणि ते थेंबांमुळे नव्हतं. इतके महिने मला वाटत होतं की तुझ्या लेखी मी कुणीच नव्हते.

लिहितोयस ना? पेन थांबल्याचा आवाज येतोय मला.

आता डोळ्याचं. सूर्याने जाळलेलं नाही. डॉक्टर पोरगेलीच आहे, पण तिने मोठ्या मशीनवर आतला फोटो काढून दाखवला. फोटो काढणारीचाच फोटो काढला, आणि मी हलले म्हणून मला ओरडली. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे पाणी साचलंय. जाळल्याची खूण वेगळी दिसते, ती नाहीये. झोप नसली, डोक्याला सारखा ताप असला की काही लोकांना असं होतं म्हणे. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप ओसरतं, काहींचं ओसरत नाही, मग पुढचे उपाय. माझं कसलं ते आत्ता सांगता येत नाही. तोवर आराम करा, शांत राहा. मी म्हटलं, शांत राहायचं औषध असेल तर लिहून द्या. ती हसली. दादा हसला नाही. त्याने दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते.

कामावर मी स्वतःच सांगणार आहे. फोटोचं टेबल सोडून नोंदणीच्या खिडकीवर बसवतील. बसेन. चीर न दिसण्यापेक्षा ते बरं.

म्हणजे आता वाट बघायची. मला वाट बघता येत नाही, वहिनी. तीच एक गोष्ट मला येत नाही, आणि डॉक्टरने तीच करायला सांगितली आहे. रोज सकाळी उठून डावा डोळा झाकून घड्याळाकडे बघायचं, काटे आले का. आले नाहीत तर? कधीच आले नाहीत तर? मला फार भीती वाटतेय. हे मी कुणाला म्हटलेलं नाही. दादाला आत्ता कळतंय, लिहिता लिहिता.

तुझ्या पत्रात तू विचारलंयस, "मी यावं असं तुला वाटतं का?" सरळ सांग, खांबाचं निमित्त नको, म्हणालीस. सरळ सांगते. ये. चार दिवस ये, रजा मिळेल तेवढी ये. दादाशी बोलू नकोस हवं तर, माझ्या खोलीत झोप. सकाळी माझ्याबरोबर वर चल आणि ते हेडफोन लावून स्वस्थ कसं बसायचं ते मला दाखव. ये, वहिनी.

हे लिहिलंस का रे? त्याने काय लिहिलं ते मला वाचता येत नाहीये, वहिनी, तो काहीही लिहू शकतो. यापुढे काही असलं तर ते माझं नाही.

घाईबाई

ती आता हात धुवायला गेली आहे. येताना पुन्हा दाराच्या चौकटीला खांदा लागेल, तिला आणायला उठायचं आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो.

वरचं सगळं तिचं आहे. मी काही गाळलं नाही, एक सोडून. "ये" ती जितक्या वेळा म्हणाली तितक्या वेळा मी लिहिलं नाही. चारदा लिहून थांबलो. त्यापुढचं लिहिलं असतं तर ते तिच्या नावावर माझं गेलं असतं.

तू ज्याच्याकडून ऐकायचं म्हणालीस, तो मीच. जाऊ नकोस असं मला तेव्हा म्हणायचं होतं. पिशवी मी दारापर्यंत आणून दिली आणि ते म्हणालो नाही.

ये. मी सांगतोय.